ह्या बायका खरंच होत्या का?

(कार्यकर्त्यांच्या तीन दिवसांच्या निवासी शिबिरात दुसऱ्या दिवशी सकाळी केलेल्या भाषणाचा मजकूर. आदल्या रात्री सगळ्यांनी मिळून ‘अ लीग ऑफ देअर ओन’ हा अमेरिकन सिनेमा पाहिला होता.)



काल रात्री सिनेमा संपला तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते. दर दहा मिनिटांनी थांबवून मी मराठीत सांगत होते, त्यामुळे दोन तासांचा सिनेमा तीन तास चालला. मला वाटलं होतं, निम्म्या जणी झोपतील. पण भिंतीवरचा उजेड गेला तरी कोणी उठेना. मागून एक मावशी म्हणाल्या, “ह्या बायका खरंच होत्या का, का नुसती गोष्ट?” मग दुसरीनं विचारलं, “हा पिक्चर काढला कोणी? बाईनं?” आणि सकाळी चहाच्या रांगेत आपल्याच एका जुन्या कार्यकर्तीनं मला बाजूला घेऊन हळूच म्हटलं, “सिनेमा छान होता गं, पण आपल्याला काय त्याचं? अमेरिकेचा खेळ, अमेरिकेच्या गोऱ्या बायका. शिबिराची एक रात्र त्यात घालवायची का?”

हे तिन्ही प्रश्न मला महत्त्वाचे वाटतात. आज मी त्यांचीच उत्तरं द्यायचा प्रयत्न करणार आहे. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर देताना माझ्या हातून झालेली एक चूकही सांगावी लागेल.

आधी खेळाबद्दल दोन शब्द. बेसबॉल आपल्याकडे फारसा कोणी खेळत नाही. मैदानावर चार ठाणी असतात, त्यांना बेस म्हणतात. एक जण चेंडू फेकते, दुसरी तो दांडक्यानं मारते, आणि पळत पळत एकेक ठाणं गाठत परत पहिल्या जागी येते. घरी परतली की एक धाव. अमेरिकेत हा खेळ आपल्याकडच्या क्रिकेटसारखा घराघरांत आहे. बाप मुलाला घेऊन मैदानावर जातो, कोणत्या संघाचे आपण, हे वारशानं ठरतं. मुलीही हे सगळं बघत, ऐकत वाढतात. त्यांनी बघायला कोणाची हरकत नसते. हरकत येते ती खेळायला मागितल्यावर.

खरंच होत्या

तर मावशी, ह्या बायका खरंच होत्या. दुसरं महायुद्ध चालू होतं. खेळाडू पुरुष लढाईवर चालले होते. फिलिप रिगली नावाचे एक बडे उद्योगपती होते, च्युइंगमचा कारखाना आणि शिकागोचा मोठा बेसबॉल संघ त्यांच्या मालकीचा. पुरुषांचे सामने बंद पडले तर मैदानं ओस पडतील, ह्या काळजीनं त्यांनी १९४३ साली बायकांची साखळी सुरू केली. रॅसीन, केनोशा, रॉकफर्ड आणि साउथ बेंड, अशा चार गावांचे चार संघ. बायकांना खेळता यावं म्हणून हे झालं नाही, हे लक्षात ठेवा. पुरुष नव्हते म्हणून झालं. युद्धकाळात कारखान्यांत बायकांना बोलावलं गेलं तसंच हे.

पण एकदा मैदान मिळाल्यावर त्या बायकांनी काय केलं बघा. सुरुवातीला चेंडू मोठा होता, बारा इंच घेराचा. हात खालून फिरवून फेकायचा. दोन ठाण्यांमध्ये पासष्ट फुटांचं अंतर. दरवर्षी त्यांचा खेळ वाढत गेला, तसा चेंडू लहान होत गेला, अंतर वाढत गेलं. १९४८ पासून त्या खांद्यावरून हात फिरवून चेंडू फेकू लागल्या. १९५४ साली शेवटच्या मोसमात ठाण्यांमधलं अंतर पंच्याऐंशी फूट होतं. पुरुषांचं असतं नव्वद फूट. १९४८ च्या मोसमात सगळे मिळून नऊ लाखांच्या वर प्रेक्षक आले. बारा वर्षांत सहाशेहून जास्त बायका ह्या साखळीत खेळल्या. सुरुवातीच्या काळात आठवड्याला पंचेचाळीस ते पंच्याऐंशी डॉलर मिळत. त्या काळात ही कमाई चांगली होती. काही जणींना घरातल्या बापापेक्षा जास्त पैसे मिळत.

आता दुसरी बाजू. काल तुम्ही त्या शिष्टाचाराच्या वर्गाला खूप हसलात. डोक्यावर पुस्तक ठेवून चालणं, चहाचा कप कसा धरायचा. तेही खरं आहे. सौंदर्यप्रसाधनांच्या प्रसिद्ध हेलेना रुबिनस्टाइन यांच्या लोकांकडून पहिल्या खेळाडूंना हे शिक्षण दिलं गेलं. लिपस्टिक लावलेली हवी, केस आखूड कापायचे नाहीत, बाहेर फिरताना पँट घालायची नाही. प्रत्येक संघाबरोबर एक देखरेख ठेवणारी बाई. आणि खेळायचं ते झग्यात. ठाणं गाठताना मातीवर घसरत जावं लागतं. उघड्या मांडीनं घसरायचं म्हणजे सालटं निघणारच. काल ती जखम पाहून तुम्ही “अगं बाई” म्हणालात ना, ती रंगवलेली नव्हती. चित्रीकरणात त्या नटीला खरोखरच तसं लागलं होतं.

खेळा, पण बाईसारख्या दिसत राहा. ही अट आपल्याला नवीन नाही. नोकरी कर, पण सहाच्या आत घरी ये. सरपंच हो, पण सभेत पदर पडू देऊ नकोस. मुभा देताना तिच्या शेपटाला एक अट बांधलेली असते, आणि नंतर सगळ्यांचं लक्ष त्या अटीवरच असतं.

युद्ध संपलं, पुरुष परतले. टीव्ही आला, लोक घरबसल्या पुरुषांचे मोठे सामने बघू लागले. संघांच्या मालकांकडचा पैसा आटला. १९५४ नंतर साखळी बंद झाली. त्याच्या दोनच वर्षं आधी, १९५२ साली, हॅरिसबर्गच्या एका पुरुष संघानं एलिनोर एंगल नावाच्या बाईशी करार केला होता. थोड्याच दिवसांत वरून हुकूम आला, बायकांशी करार करायचे नाहीत. लहान मुलांच्या बेसबॉलमध्ये मुलींना प्रवेश मिळाला तो १९७४ साली, तोही न्यू जर्सीत न्यायाधिकाऱ्यांपुढे भांडून. म्हणजे आज्या खेळून गेल्या होत्या, आणि वीस वर्षांनी नातींना “मुली बेसबॉल खेळू शकतात का” ह्यावर वाद घालावा लागत होता.

असं का झालं? कारण मधल्या काळात ह्या बायका विसरल्या गेल्या. त्या घरी गेल्या, शिक्षिका झाल्या, कारखान्यात लागल्या, संसार केले. फोटो, हातमोजे ट्रंकेत गेले. १९८० साली त्यांच्यातल्याच एकीनं, जून पेपास यांनी, जुन्या मैत्रिणींना जोडणारं एक पत्रक काढायला सुरुवात केली. १९८२ साली शिकागोला पहिला मेळावा झाला. मग त्यांनी संघटना केली. १९८८ च्या नोव्हेंबरात कूपर्सटाउनच्या बेसबॉल संग्रहालयात त्यांच्यासाठी कायमचं दालन उघडलं. काल शेवटी जे दिसलं ते हेच, आणि मैदानावर खेळणाऱ्या त्या म्हाताऱ्या बायकांमध्ये त्या साखळीतल्या खऱ्या खेळाडू आहेत. एका साध्या पत्रकापासून हे सुरू झालं, हे आपण, असंच एक अंक चालवणाऱ्यांनी, विसरू नये.

बाईनं काढला

आता दुसरा प्रश्न. हा सिनेमा बाईनं काढला. पेनी मार्शल तिचं नाव. योगायोग असा की तिचा जन्म १९४३ चा, साखळी सुरू झाली त्याच वर्षीचा. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात वाढली. तिथलं यँकी स्टेडियम म्हणजे बेसबॉलवाल्यांचं पंढरपूरच म्हणा ना. आई इमारतीच्या तळघरात मुलांना नाच शिकवायची. पेनीला खेळांचं भारी वेड. पुढे पैसा आल्यावर ती खेळांच्या जुन्या वस्तू, आठवणी जमवायची. एवढं वेड असणाऱ्या बाईलासुद्धा ही साखळी ठाऊक नव्हती. तिला ती कळली एका माहितीपटातून. हेलन कॅलहन नावाची एक खेळाडू होती, १९४५ साली त्या साखळीत फलंदाजीत पहिली आलेली. तिचा मुलगा केली कँडेल यानं किम विल्सन यांच्याबरोबर १९८७ साली आपल्या आईवर, मावशीवर आणि त्यांच्या मैत्रिणींवर माहितीपट केला. तो टीव्हीवर दाखवला गेला आणि पेनीनं पाहिला.

ह्यातला क्रम बघा. आधी खेळाडूंनी एकमेकींना पत्रकातून शोधलं. मग एका मुलानं आईची गोष्ट चित्रित केली. ती एका खेळवेड्या बाईच्या नजरेला पडली आणि तिच्या हातात सिनेमा करण्याची ताकद होती. ह्यातला एक दुवा निसटला असता तरी काल रात्री आपण इथे वेगळंच काही बघत बसलो असतो.

पण ती ताकद तिच्या हातात सहज आली नाही. लवकर लग्न, एक मुलगी, घटस्फोट, टंकलेखनाची कामं. १९६७ साली ती लॉस एंजेलिसला गेली. भाऊ गॅरी तिथे मालिका लिहीत होता, त्याच्या मदतीनं लहानसहान भूमिका मिळाल्या. भावाचा हात होता, हे लपवायचं कारण नाही. ज्या धंद्यात बाईला दार उघडायला कोणी नसतं, तिथे घरातला पुरुष आत असला तर आत जाता येतं. ज्यांचा भाऊ आत नव्हता अशा किती जणी बाहेरच राहिल्या असतील, हाही विचार त्याबरोबर करायला हवा. १९७६ ते १९८३ ती दारूच्या कारखान्यात बाटल्या भरणाऱ्या दोन मैत्रिणींच्या मालिकेत काम करत होती. त्या मालिकेचेच काही भाग दिग्दर्शित करत ती दिग्दर्शन शिकली.

पहिला सिनेमा, १९८६ चा, तिला मिळाला तोच दुसऱ्या दिग्दर्शकानं अर्ध्यात सोडलेला. फार काही नाव झालं नाही. मग १९८८ साली ‘बिग’ आला. लहान मुलगा एका रात्रीत मोठा होतो, अशी गोष्ट. त्याच सुमाराला तशाच धर्तीचे आणखी काही सिनेमे येऊन गेले होते. तरी ‘बिग’ इतका चालला की अमेरिकेत दहा कोटी डॉलरच्या वर गल्ला जमवणारा, एका बाईनं दिग्दर्शित केलेला तो पहिला सिनेमा ठरला. १९९० साली ‘अवेकनिंग्ज’ आला. ऑस्करच्या सर्वोत्कृष्ट चित्रपटांच्या यादीत त्याचं नाव लागलं, पण दिग्दर्शकांच्या यादीत पेनीचं नाव नव्हतं. असं तिच्या एकटीच्याच बाबतीत झालं नाही. १९८६ च्या चित्रपटांत रँडा हेन्स, १९९० मध्ये पेनी मार्शल, १९९१ मध्ये बार्बरा स्ट्राइसँड. तिघींचे सिनेमे सर्वोत्कृष्टच्या यादीत, तिघींची नावं दिग्दर्शकांच्या यादीत नाहीत. जणू ते सिनेमे आपोआप तयार झाले. आपल्या घरातल्या स्वयंपाकासारखं आहे हे. जेवण उत्तम झालं असं सगळे म्हणतात, पण केलं कोणी हे कोणी विचारत नाही. दिग्दर्शनाचं ऑस्कर पहिल्यांदा एका बाईला मिळालं ते २०१० साली, कॅथरिन बिगेलो यांना.

बेसबॉलचा सिनेमासुद्धा सरळ झाला नाही. ज्या कंपनीत तो सुरू झाला तिथे बारगळला, मग दुसरीकडे न्यावा लागला. प्रमुख भूमिकेसाठी ठरलेली नटी चित्रीकरण तोंडावर आलं असताना बाहेर पडली. जीना डेव्हिस आयत्या वेळी आली, आणि तिला बेसबॉल येत नव्हता. पेनीचा आग्रह असा, की खेळता आलंच पाहिजे. भूमिका मागायला आलेल्या नट्यांना आधी मैदानावर नेऊन चेंडू फेकायला, झेलायला, पळायला लावलं. १९९१ च्या उन्हाळ्यात इंडियानातल्या जुन्या मैदानांवर उन्हातान्हात चित्रीकरण झालं. जुलै १९९२ मध्ये सिनेमा लागला आणि अमेरिकेत ह्याचाही गल्ला दहा कोटी डॉलरच्या वर गेला.

मग सगळे म्हणू लागले, आता बायकांच्या खेळांवर रांगेनं सिनेमे येणार. आले नाहीत. जीना डेव्हिसनं हे पुढे अनेकदा बोलून दाखवलं आहे. तिनं २००४ साली एक संस्था काढली, जी सिनेमात आणि टीव्हीवर मुली-बायका किती दिसतात, काय करताना दिसतात, ह्याची मोजदाद करते. आणि पेनी? तिनं त्यानंतर तीन सिनेमे केले, १९९४, १९९६ आणि २००१ साली. ते पूर्वीइतके चालले नाहीत. २००१ नंतर १७ डिसेंबर २०१८ रोजी ती वारली तोवर, म्हणजे सतरा वर्षं, तिनं दिग्दर्शित केलेला एकही कथापट चित्रपटगृहात लागला नाही. मधे मोठं आजारपणही येऊन गेलं, ते मी नजरेआड करत नाही. पण पुरुष दिग्दर्शकाचा एखादा सिनेमा पडला तर त्याचा एक सिनेमा पडतो. बाईचा पडला की “बायकांना जमत नाही” असं म्हणायला लोक मोकळे होतात, आणि चालला तर तो अपवाद म्हणून बाजूला ठेवला जातो. आपल्यातल्या ज्या सरपंच झाल्या, ज्यांनी बचतगटाचा दुकानगाळा चालवून दाखवला, त्यांना हे वेगळं समजावायची गरज नाही.

जे भिंतीवर आलं नाही

सिनेमा मला आवडतो, पण डोळे मिटून नाही. काल एक प्रसंग पटकन येऊन गेला. चेंडू सीमेबाहेर जातो, तिथे उभी असलेली एक काळी बाई तो उचलते आणि इतक्या जोरात परत फेकते की झेलणारीचा हात झणझणतो. ती काही बोलत नाही, मान हलवून निघून जाते. बस्स, एवढंच. त्या साखळीत बारा वर्षांत एकही काळी खेळाडू घेतली गेली नाही. मेमी जॉन्सन निवडचाचणीला गेली होती, तिला चेंडू हातातही घेऊ न देता परत पाठवलं. टोनी स्टोन, मेमी जॉन्सन, कॉनी मॉर्गन ह्या तिघी मग काळ्या पुरुषांच्या व्यावसायिक संघांत पुरुषांबरोबर खेळल्या. त्यांच्या वाट्याला सिनेमातले मोजके क्षण आले.

खेळात सगळे सारखे, हे कोणी आपल्याला सांगू नये. आपल्याकडे पळवणकर बाळूंसारख्या महान गोलंदाजाच्या चेंडूवर विकेट हव्या होत्या, पण ते दलित म्हणून त्यांचा चहा बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात दिला जायचा. म्हणून “बायकांचा इतिहास” म्हणताना कोणत्या बायकांचा, हे दरवेळी विचारायला हवं.

आणखी एक गोष्ट सिनेमानं टाळली. ह्या खेळाडूंपैकी काही जणी बायकांवर प्रेम करणाऱ्या होत्या. टेरी डोनाह्यू नावाची खेळाडू आपल्या जोडीदार बाईबरोबर सहा दशकांहून जास्त काळ राहिली, बहुतेक वर्षं “आम्ही मैत्रिणी आहोत” असं घरच्यांना सांगत. त्यांच्यावरचा माहितीपट २०२० साली आला, तो काढला टेरीच्या नात्यातल्या एका मुलानं. मेबेल ब्लेअर ह्या खेळाडूनं हे पहिल्यांदा जाहीरपणे सांगितलं ते २०२२ साली, वयाच्या पंच्याण्णवाव्या वर्षी. त्या वर्षी ह्याच नावाची एक मालिका आली, तिनं मात्र ह्या दोन्ही गोष्टी, काळ्या खेळाडू आणि हे प्रेम, मध्यभागी आणल्या. पुन्हा पुन्हा सांगितल्याशिवाय गोष्ट पुरी होत नाही.

आपल्याला काय त्याचं?

आता तिसरा प्रश्न, आणि माझी चूक.

दहा-अकरा वर्षांपूर्वी मी एका वस्तीत मुलींचा गट चालवत होते. समाजकार्याची पदवी घेऊन फार वर्षं झाली नव्हती, अहवाल, उद्दिष्टं, खर्चाचे तक्ते ह्यांत मी बुडालेली होते. गटात एकोणीस वर्षांची एक मुलगी होती. तिच्या मामाचं लग्नाच्या शूटिंगचं दुकान, त्यामुळे तिला कॅमेरा चालवता यायचा. एकदा ती म्हणाली, “ताई, आपल्या वस्तीतल्या मावश्या पूर्वी कबड्डी खेळायच्या, जिल्ह्याच्या संघात होत्या. त्यांचं शूटिंग करू या? त्यांना परत एकदा मैदानावर आणू. पाच मिनिटांची फिल्म करते मी.” तिनं वहीत सगळं लिहून आणलं होतं. कोणत्या मावशीला काय विचारायचं, मैदान कधी रिकामं असतं. फक्त दोन दिवसांचं कॅमेऱ्याचं भाडं आणि सगळ्यांचा चहा, एवढा खर्च हवा होता.

मी नाही म्हटलं. म्हटलं, आपला निधी पोषणासाठी आहे. म्हटलं, आधी बारावी पूर्ण कर, ही हौस नंतर. तिच्या घरचे जे बोलत होते तेच मी बोलले, फक्त माझी भाषा संस्थेची होती. ती वही घेऊन गेली. पुढच्या वर्षी तिचं लग्न झालं.

त्या मावश्यांपैकी एक तीन वर्षांपूर्वी गेल्या. वस्तीतल्या पाण्याच्या आंदोलनात पुढे असायच्या, पोलिसांच्या काठीसमोर न हललेल्या बाई. शोकसभेला लावायला फोटो शोधला, तर घरात मिळाला तो आधार कार्डावरचा. तो मोठा करून लावला. चेहरा धड ओळखू येत नव्हता. त्या कबड्डीत चढाईला जायच्या तेव्हा कशा दिसायच्या, हे आता कोणीच सांगू शकत नाही. हे नुकसान माझ्या खात्यावर आहे.

२ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री आपल्या मुलींनी नवी मुंबईला विश्वचषक जिंकला. तुम्ही सगळ्यांनी पाहिलं असेल. मध्यरात्र उलटून गेल्यावर मला त्या मुलीचा फोन आला, सासरहून. मागे फटाके वाजत होते. म्हणाली, “ताई, बघितलंत? मावश्या असत्या तर नाचल्या असत्या.” मग जरा थांबून म्हणाली, “माझी ती वही अजून आहे.” मला काय बोलावं कळेना. त्या रात्री मी ठरवलं की पुढच्या शिबिरात हा सिनेमा दाखवायचा आणि ही गोष्ट सांगायची.

आपल्यापैकी काही जणींना वाटतं, खेळाचं वेड, सिनेमाचं वेड हे पोटभर जेवलेल्यांचं काम. मारहाण, पाणी, रेशन हे आपलं काम. मलाही तसंच वाटायचं. पण आपल्याच क्षेत्रातल्या सुमित्रा भावे आठवा. समाजशास्त्राच्या अभ्यासक, पुण्यात समाजकार्य शिकवलेल्या. वस्तीतल्या बायकांच्या जगण्याचा अभ्यास करताना त्यांना वाटलं, ज्यांच्याबद्दल हा अभ्यास आहे त्यांना तो वाचता येत नाही, मग तो त्यांच्यापर्यंत जायचा कसा? त्यातून १९८५ साली ‘बाई’ हा लघुपट झाला, त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. चाळिशी उलटल्यावर, चित्रपटाचं कुठलंही शिक्षण न घेता, त्या ह्या कामात उतरल्या आणि २०२१ साली जाईपर्यंत ते करत राहिल्या. त्यांना सिनेमा आणि समाजकार्य ह्यांत निवड करावी लागली नाही. ती निवड त्या मुलीवर मी लादली.

म्हणून आज दुपारच्या गटचर्चेसाठी तीन गोष्टी सुचवते. तुमच्या गावात, वस्तीत ज्या बायका कधी खेळल्या, कधी संपात, मोर्च्यात पुढे होत्या, त्यांची यादी करा. वय जास्त असेल ती आधी. दुसरं, आता प्रत्येक घरात कॅमेऱ्याचा फोन आहे, पण तो बहुधा मुलाच्या हातात असतो. गटातल्या एका मुलीच्या हातात तो द्या, आठवड्यातले दोन तास द्या, आणि तिला घरातून सोडवून आणण्यासाठी तुम्ही स्वतः जा. तिसरं, तिनं केलेलं पहिलं काम वाईट होईल. चित्र हलेल, आवाज नीट येणार नाही. तेव्हा “बघितलंस, जमत नाही” असं म्हणू नका. तिला दुसरं करू द्या. पेनी मार्शललाही पहिल्या सिनेमानंतर दुसरा मिळाला, म्हणून ‘बिग’ झाला.

अमेरिकेत बायकांच्या व्यावसायिक बेसबॉलच्या नव्या साखळीची घोषणा २०२४ साली झाली. २०२५ च्या ऑगस्टमध्ये वॉशिंग्टनला निवडचाचणी झाली, तिला सहाशेहून जास्त मुली आल्या. १९५४ साली बंद झालेलं दार सत्तर वर्षांनी किलकिलं झालं आणि मेबेल ब्लेअर त्या मुलींच्या पाठीशी उभ्या राहिल्या. त्या मुलींना कोणी म्हणू शकलं नाही, की बायकांनी कधी हा खेळ खेळलाच नाही. पुरावा होता. भिंतीवर दिसत होता.

मी त्या मुलीला फोन केला आहे. पुढच्या महिन्यात ती माहेरी येणार आहे, वही घेऊन. मावश्यांपैकी चौघी अजून आहेत. एकीचा गुडघा गेला आहे, ती म्हणाली, “मी पळणार नाही, पण रेषेवर उभी राहून आवाज देईन.” कॅमेऱ्याचं भाडं ह्या वेळी माझं. चहा तेवढा तुम्ही द्या.

इतकंच. जिंदाबाद.